तिजोरीची किल्ली कमरेला, ईमेलची दुसऱ्याकडे

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात सात कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर, हिशोब टॅलीवर, दोन परदेशी गिऱ्हाइकं, बाकी माल मुंबई-दिल्लीकडे जातो. अँटिव्हायरसचे पैसे दरवर्षी भरता, कॉम्प्युटर बघणारा मुलगा महिन्यातून दोनदा येतो. शेजारच्या कारखान्याचा सगळा डेटा ऐन मार्चमध्ये लॉक झाला आणि तेव्हापासून तुमच्या जिवाला घोर आहे. आपल्यासारखे मालक नेमकं कुठं चुकतात आणि साठ हजारांत काय काय होऊ शकतं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सोलापुरात एकोणीस वर्षं कारखान्यांचे, पेढ्यांचे, दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. या काळात जी मोठी नुकसानं पाहिली, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी अँटिव्हायरस होता आणि त्याचे पैसेही वेळेवर भरलेले होते. मालकाला आपल्या धंद्याच्या कुठल्या किल्ल्या कुणाकडे आहेत, एवढंच ठाऊक नव्हतं. सुताचे कोन मोजून घेणारा, गोडाऊनचं कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारा माणूस. त्याला विचारलं की सर्व्हरचा पासवर्ड काय, वेबसाइट कुणाच्या नावावर आहे, तर तो कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या तोंडाकडे बघतो. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं आहे, एका दुपारचं. वही घ्या आणि लिहायला बसा. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे? बऱ्याच पेढ्यांत तो कर सल्लागाराचा निघतो. नोंदणीच्या घाईत त्याने स्वतःचा टाकलेला असतो, पुढं कुणी बदललेला नसतो. मग ओटीपी त्याच्याकडे, नोटिसाही त्याच्याकडे. सल्लागार कितीही भला असला तरी त्याचा मोबाइल हरवला किंवा तुमचं त्याच्याशी बिनसलं, तर तुमच्या नावानं आलेली नोटीस तुम्हाला दिसणारच नाही. हा बदल पोर्टलवर नॉन-कोअर, म्हणजे किरकोळ, दुरुस्तीत होतो, फार खटपट नाही. तसंच डिजिटल सहीच्या टोकनचं, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या त्या साधनाचं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे ती सही तुमच्या हातच्या सहीसारखीच धरली जाते. अशी टोकनं ड्रॉवरात रबर बँड लावून, वर पिनची चिठ्ठी चिकटवून पडलेली मी अनेकदा पाहिली आहेत. कोऱ्या चेकवर सह्या करून तुम्ही त्या कुणाच्या ड्रॉवरात ठेवल्या असत्या का? टोकन तुमच्या तिजोरीत ठेवा. लागेल तेव्हा द्या, काम झालं की परत घ्या.

मग डोमेन, म्हणजे वेबसाइटचं आणि ईमेलचं नाव. एका चादरीच्या व्यापाऱ्याची वेबसाइट एका होतकरू मुलानं करून दिली होती. डोमेन त्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, त्याला ते सोपं पडलं एवढंच. तीन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला गेला, नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिले आणि एका गुरुवारी व्यापाऱ्याचे सगळे मेल बंद झाले. ऐन ऑर्डरींच्या हंगामात. अकरा दिवस त्या माणसाला आपल्याच नावाची मालकी दुसऱ्याला विनवून मिळवावी लागली. तुमचं डोमेन कंपनीच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर आहे का, हे आजच बघा. राउटरचा पासवर्ड, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, सीसीटीव्हीचा पासवर्ड, ईमेल परत मिळवायला नोंदलेला मोबाइल नंबर, हे सगळं त्याच वहीत उतरवा. एखाद्याचं उत्तर 'त्या पोराला विचारावं लागेल' असं आलं, तर त्या किल्लीखाली रेघ मारा.

आता शेजाऱ्यावर आलेल्या संकटाकडे येतो. फाइली लॉक करून खंडणी मागणारा हा प्रकार जगाला ठळकपणे कळला तो मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय नावाच्या हल्ल्याच्या वेळी. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी दोन महिने ते टाकलं नाही, ते सापडले. आपल्याकडे मात्र हल्ला शिरतो तो बहुतेक वेळा आपणच उघड्या ठेवलेल्या दारातून. तुम्हाला विजापूर रोडच्या घरी बसून टॅली बघायची असते. कॉम्प्युटरवाला राउटरमध्ये एक वाट काढून देतो आणि रिमोट डेस्कटॉप, म्हणजे घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय, सुरू होते. तुम्ही खूश, तोही खूश. पण ती वाट साऱ्या जगाला उघडी असते. इंटरनेटवर अशी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात आणि दार सापडलं की ते हजारो पासवर्ड लावून बघतात. युजर 'ॲडमिन' आणि पासवर्ड कंपनीच्या नावापुढं १२३ असला, तर किती वेळ टिकणार? त्या वाटेचा, म्हणजे पोर्टचा, नेहमीचा नंबर ३३८९ बदलून दुसरा ठेवला म्हणजे झालं, असं सांगणारे भेटतील. त्यानं दार दुसऱ्या भिंतीत गेलं, बंद झालं नाही. घरून काम करायचंच असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्या माणसांपुरता कुलूपबंद रस्ता, त्यावर मोबाइलचा दुसरा कोड आणि मगच टॅली. तुमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाला सरळ विचारा, 'आपल्या राउटरमध्ये बाहेरून आत येणाऱ्या किती वाटा उघड्या आहेत, मला दाखव.' त्याला दाखवता आल्या नाहीत, तर दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

बॅकअपबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण सगळ्यांत जास्त रडारड मी इथंच पाहिली आहे. मार्केट यार्डाजवळच्या एका पेढीवर गेलो होतो. दिवाणजी म्हणाले, "बॅकअप रोज निघतंय की ओ, हे काय पेनड्राइव्ह." पेनड्राइव्ह सर्व्हरच्या मागच्या बाजूला दोन वर्षांपासून तसाच खोचलेला होता. सर्व्हर लॉक झाला त्या रात्री तोही सोबत लॉक झाला. दुसऱ्या एका ठिकाणी बॅकअप पेनड्राइव्हवर होता, काढून कपाटातही ठेवलेला होता. पण टॅलीचा डेटा एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवला, तेव्हा बॅकअपचा पत्ता कुणी बदललाच नाही. चौदा महिने इमानेइतबारे जुन्याच रिकाम्या फोल्डरची नक्कल निघत होती. त्या ठिकाणचा सर्व्हर मीच हलवला होता. हार्डडिस्क गेली त्या दिवशी त्या मालकांच्या समोर उभं राहणं मला फार जड गेलं. तेव्हापासून एक नियम धरलाय. जो बॅकअप परत उघडून बघितला नाही, त्याला मी बॅकअप म्हणत नाही.

करायचं असं. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर. तुमच्यासाठी याचा अर्थ दोन बाहेरच्या हार्डडिस्क. एक आठवडाभर रोज संध्याकाळी लावायची, नक्कल झाली की काढायची. दर शनिवारी ती तुमच्या घरी जाते आणि घरची कारखान्यात येते. गुगल ड्राइव्हवर टाकलं म्हणजे काळजी मिटली, असं समजू नका. लॉक झालेली फाइलही तो निष्ठेनं वर चढवतो. आधीची आवृत्ती साधारण तीस दिवस मिळते खरी, पण हजारो फाइली एकेक करून मागं नेणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. शिवाय दोन-तीन महिन्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी, घरची डिस्क एका वेगळ्या कॉम्प्युटरला लावून टॅली उघडायची आणि कालच्या नाही तर सहा महिन्यांपूर्वीच्या एखाद्या पार्टीचा खातेउतारा काढून बघायचा. तो तुम्ही स्वतः बघायचा. जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने कागद जपायला सांगितलेत. कंपनी असाल तर हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा, असा २०२२ पासून नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दुरुस्तीचा माग ठेवणारं हिशोबाचं सॉफ्टवेअरही बंधनकारक आहे. टॅलीत त्यासाठी एडिट लॉग येतो. भागीदारी असलात तरी तो चालू ठेवा. कुणी कधी कुठली नोंद बदलली, हे कळलेलं चांगलं.

टॅलीच्या नादात एक गोष्ट सगळेच विसरतात, ती म्हणजे डिझाइन. जुन्या जकार्डची, म्हणजे मागावर डिझाइन विणणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं आठवतात का? माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेली असायची. उंदरांपासून जपली की पिढी बदलली तरी डिझाइन शाबूत. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डला पेनड्राइव्ह लावतात आणि काम सुरू. कारखान्याची वीस-पंचवीस वर्षांची डिझाइनं आहेत कुठं? डिझाइनरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. त्याचा बॅकअप नाही आणि ती फाइल तो आणखी कुणाला देतो याची चौकशीही नाही. आपल्या गावात एकच डिझाइनर चार कारखान्यांत जातो. त्याचा एकच पेनड्राइव्ह चारही ठिकाणच्या कॉम्प्युटरला लागतो आणि एका ठिकाणचा व्हायरस चारही ठिकाणी पोचतो. जकार्डसाठी कारखान्याचा स्वतःचा पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर रंगानं खूण करा, तो इतर कुठं जाऊ देऊ नका. डिझाइनची प्रत त्याच बाहेरच्या डिस्कवर गेली पाहिजे. हिशोब कागदावरून पुन्हा उभे करता येतात, हातची डिझाइनं गेली तर गेली. आणि सर्व्हर लूमच्या शेडला लागून असेल तर हलवा. सुताची धूळ पंख्यात बसते, त्यात आपला एप्रिल-मेचा बेचाळीस अंशांचा उन्हाळा. हॅकरनं घालवलेल्या डिस्कपेक्षा उष्णतेनं, धुळीनं आणि खराब यूपीएसनं घालवलेल्या डिस्क मी जास्त मोजल्या आहेत.

तुमची दोन परदेशी गिऱ्हाइकं आहेत म्हणून पुढचा भाग सावकाश वाचा. ही चोरी व्हायरसशिवाय होते. चोर आधी तुमच्या किंवा गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये शिरतो. पासवर्ड कुठल्या तरी फुटलेल्या वेबसाइटवरून मिळालेला असतो किंवा 'मेलबॉक्स भरलाय, इथं लॉगिन करा' अशा खोट्या पानावर तुमच्याच माणसानं टाकलेला असतो. शिरल्यावर तो काही मोडत नाही. गुपचूप एक नियम लावून ठेवतो, की ज्या मेलमध्ये 'इन्व्हॉइस' हा शब्द असेल त्याची प्रत मला पाठव. आठवडेच्या आठवडे तो वाचत राहतो. कंटेनर कधी निघणार, किती पैसे येणं आहे, तुम्ही 'रिगार्ड्स' लिहिता की 'थँक्स', सगळं त्याला कळतं. मग पैसे यायच्या दोन दिवस आधी गिऱ्हाइकाला मेल जातो, 'आमच्या बँक खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचे पैसे खालच्या खात्यावर पाठवा.' पत्ता हुबेहूब तुमचा, फक्त इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. चष्मा लावून बघितलं तरी फरक कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका निर्यातदाराचे एका कंटेनरचे पैसे असे गेले. गिऱ्हाईक म्हणतं आम्ही दिले, हे म्हणतात आम्हाला मिळाले नाहीत. माल तिकडं पोचलेला. बारा वर्षांचा व्यवहार त्या एका मेलवर तुटला. मला पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतं.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही जवळपास फुकट. ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड लागेल. सातही जणांच्या, मालकाच्या सगळ्यांत आधी. मालकच म्हणतात मला ते झंझट नको, आणि चोराला मालकाचाच मेलबॉक्स हवा असतो. दुसरं, आत्ताच दोन्ही गिऱ्हाइकांना फोन करून ठरवा की आमचं खातं बदललं तर आम्ही फोनवर सांगू. गिऱ्हाइकांनीही त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या तुमच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर ही ओळ कायमची छापा. तुम्ही जेव्हा सुताच्या गिरणीला किंवा डाइजवाल्याला पैसे पाठवता, तेव्हा हाच नियम उलट बाजूनं पाळा. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना समोरच्या खात्याचं नाव आधी बघायची सोय बँकांनी द्यायची आहे. ती वापरा. नावात काहीही लिहिलं तरी पैसे फक्त खाते क्रमांकावर जातात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ईमेल बघणाऱ्या माणसाकडून सेटिंगमध्ये जाऊन मेल कुठं पुढं पाठवले जातायत का तेही तपासून घ्या. डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी आहेत का, विचारा. त्या असल्या की तुमचा खराखुरा पत्ता वापरून दुसऱ्याला मेल पाठवणं अवघड जातं. 'आर-एन'वाली युक्ती मात्र त्यानंही थांबत नाही, म्हणून फोनच.

नेटबँकिंग. बहुतेक बँका व्यावसायिक खात्याला अशी सोय देतात की एकानं व्यवहार भरायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा. आणि आपल्याकडे काय होतं? दोन्ही युजर, दोन्ही पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल, तिन्ही अकाउंटंटच्या टेबलावर. मालक बाहेर, फोन लागत नाही, पार्टी खोळंबलेली, म्हणून सोयीसाठी दिलेलं असतं. मी माणसावर संशय घ्या असं म्हणत नाही. वीस वर्षं इमानदारीनं राबलेल्या अकाउंटंटला एका भोंदू फोनवर सगळं सांगून टाकताना मी पाहिलंय. त्या माणसाची नंतर जी अवस्था झाली ती पाहवत नव्हती. दोन किल्ल्या दोन माणसांकडे असल्या की तोही वाचतो. मंजुरी तुमच्या मोबाइलवरच ठेवा. बँकेसाठी एक साधा लॅपटॉप वेगळा काढा, त्यावर मेल नाही, व्हॉट्सॲप नाही, पेनड्राइव्ह नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा चोरीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

याच्याशी जोडून एक धोका, ज्याबद्दल आपल्या व्यापाऱ्यांत फार कमी बोललं जातं. तुमच्या खात्यात कुणा फसवलेल्या माणसाचे पैसे आले तर परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमची रक्कम, कधी पूर्ण खातं गोठतं. तुम्ही माल दिलेला असतो, बिल केलेलं असतं, तरी पगाराच्या दिवशी खातं बंद. म्हणून बिल एकाच्या नावावर आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यातून, असा व्यवहार घेऊ नका. घ्यावाच लागला तर ऑर्डर, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती एकत्र ठेवा, खातं सोडवायला तीच लागते. आणि कुणी 'तुमच्या करंट अकाउंटमधून थोडे व्यवहार फिरवू द्या, टक्का देतो' म्हणत आला, तर त्याला चहा न पाजता वाटेला लावा. तो टक्का तुम्हाला आरोपी करतो.

किरकोळ दुकान असलेल्या तुमच्या नातेवाइकांनाही एक सांगा. नवी पेठेत चादरीच्या दुकानांना फोन येतो, 'लष्करातून बोलतोय, शंभर चादरी हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकली की पैसे जातात. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतुकीच्या चलनाच्या नावाच्या एपीके फाइलींचंही तसंच. ती पत्रिका नसते, मोबाइलमध्ये घुसून ओटीपीचे मेसेज वाचणारं ॲप असतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आणि मग लग्नसराई, या दिवसांत माणसं घाईत असतात, तेव्हा मला असे फोन जास्त येतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे भरून काही काळ सुरक्षा अपडेट मिळतात, पण जुने कॉम्प्युटर कधीतरी बदलावे लागणारच. सातही एकदम नकोत. बँकेचा आधी, कटाईच्या टेबलावरचा सगळ्यांत शेवटी. क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, सॉफ्टवेअर मात्र आजच काढा. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, हे सांगणाराच तुम्हाला सगळं सांगून गेलेला असतो.

कामगार सोडून गेला की आपण गणवेश आणि गेटपास परत घेतो. त्याचं ईमेल, टॅलीचा युजर, व्हॉट्सॲपची कॉम्प्युटरवर जोडलेली प्रत, वाय-फायचा पासवर्ड? ते तसंच राहतं. एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मार्केटिंगचा मुलगा सोडून गेल्यावर पाच महिने त्याच्या नव्या मालकाला यांचे दर कळत होते. कंपनीचा नंबर जोडलेलं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर चालूच होतं. गणवेशवाल्यांकडे शाळांच्या याद्या असतात, मुलांची नावं, इयत्ता, माप, पालकांचे नंबर. कामगारांचे आधारही ग्रुपवर फिरत असतात. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होतायत आणि माहिती नीट न जपल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. दंडाचं सोडा, दुसऱ्याच्या लेकरांची यादी आपल्या हातून बाहेर जाऊ नये, एवढं तरी आपण पाहायला हवं.

सीसीटीव्ही बनवणाऱ्या कंपनीनं आधीच घालून दिलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रामनं असेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारी पेटी) लाखोंनी ताब्यात घेतले होते. पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवा.

आणि कधी झालंच, तर. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, लगेच, रात्र असली तरी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात पळत असतात, फोन जितक्या लवकर तितकी रक्कम मध्येच अडकायची शक्यता. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा, मग बँक, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. फाइली लॉक झाल्या असतील तर नेटवर्कच्या वायरी काढा. घाबरून फॉरमॅट मारू नका, पुरावाही जातो आणि उद्या उघडायची शक्यताही. 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोल (युरोपातली पोलीस संस्था) आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात काही जातींची कुलपं उघडणारी साधनं मोफत मिळतात, आधी तिथं बघायला सांगा. खंडणी भरू नका असंच मी सांगतो. भरून किल्ली न मिळालेल्या लोकांना मी भेटलोय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं, त्यामुळे तो अर्ज कोण भरणार हेही आधी ठरवून ठेवा.

तुमच्या साठ हजारांचं बोलायचं तर नवीन सर्व्हरचा विचार यंदा बाजूला ठेवा. दोन बाहेरच्या डिस्क, सर्व्हरच्या यूपीएसला नवी बॅटरी, बँकेसाठी साधा लॅपटॉप. उरतील त्यातून तुमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाला वर्षाचा लेखी करार करून द्या, त्याला जरा जास्त पैसे द्या. महिन्यातून दोनदा येऊन त्यानं काय तपासलं, त्याची सही असलेला कागद घ्या. तो मुलगा तुमचा शत्रू नाही. त्यालाही सगळ्या किल्ल्यांचं ओझं नको असतं, त्याच्याकडून त्या कधी कुणी मागितल्या नाहीत एवढंच. सांगताना त्याला तसंच सांगा.

वहीतली यादी पूर्ण झाली, पासवर्ड बदलून झाले, की ती पानं पाकिटात घालून तुमच्या तिजोरीत ठेवा आणि घरात आणखी एका माणसाला ती कुठं आहेत ते सांगून ठेवा. त्या पानांचा मोबाइलवर फोटो मात्र काढू नका.